ती कोणाकडे पाहते?

गेल्या दिवाळीच्या सुटींतील गोष्ट. दुपारचीं जेवणें उरकून घरांतील आम्ही बायका माजघरांत जरा विसावलों होतों. माझी पुतणी (ती यंदा अठराव्या वर्षांत आहे) स्त्रियांच्या वेषभूषेला वाहिलेलें एक इंग्रजी मासिक मांडीवर घेऊन बसली होती. परंतु तें उघडून वाचण्याचें तिला भान नव्हतें. किती तरी वेळ ती नुसतें मुखपृष्ठच न्याहाळीत होती. सासूबाईंची नजर अलीकडे अधू झाली आहे, पण लक्ष अधू झालेलें नाहीं. त्यांनीं विचारलें, "काय ग, ही बाई पाहते तरी कोणाकडे?"

"माझ्याकडे!" पुतणी हंसून म्हणाली.

सासूबाई उठल्या आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या. "अग, इकडून पाहिलें तर माझ्याकडे पाहते आहे कीं! आणि पाहते अशी, कीं जशी काय जुनी ओळख आहे; पण हंसत मात्र नाहीं. घरीं आलेली पाहुणी अशी पाहूं लागली, तर आपलें कांहीं तरी चुकलें असेंच वाटायचें."

सगळ्या हंसल्या. मलाहि हंसूं आलें. पण तें फार वेळ टिकलें नाहीं. कारण पुतणीनें रात्रीचें जेवण जवळजवळ सोडलें असल्याचें त्याच आठवड्यांत माझ्या ध्यानांत आलें होतें, आणि तिच्या कपाटाच्या दाराला आंतल्या बाजूनें असेंच एक मुखपृष्ठ चिकटविलेलें मीं पाहिलें होतें. सासूबाईंनीं सहज विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर शोधावें, म्हणून मीं अशा मासिकांचा इतिहास चाळावयास घेतला. त्यांतून जें हातीं लागलें, तें वाचकभगिनींपुढें आणि त्यांच्या घरच्या पुरुषमंडळींपुढेंहि ठेवीत आहें.

नजरेची युक्ति

प्रथम सासूबाईंच्या निरीक्षणाविषयीं. चित्र सपाट असतें. छायाचित्र घेतेवेळीं एखाद्या व्यक्तीनें कॅमेऱ्याच्या भिंगांत सरळ पाहिलें, कीं मग तें चित्र डावीकडून पाहा वा उजवीकडून पाहा, तिची नजर आपल्याकडेच वळलेली भासते. देवघरांतील तसबिरीच्या बाबतींत हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं घेतला असेल. मुखपृष्ठ तयार करणारे लोक या गोष्टीचा पुरेपूर उपयोग करितात. स्टेशनवरील पुस्तकांच्या दुकानांत अनेक मासिकें एकाला एक लागून मांडलेलीं असतात; येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचें लक्ष त्यांपैकीं एखाद्याला मिळालें तर क्षणभरच मिळावयाचें. त्या क्षणांत माणसाच्या डोळ्यांना ओढून घेणारी सर्वांत मोठी वस्तु म्हणजे दुसऱ्या माणसाचे डोळे. म्हणून चेहरा मोठा, डोळे पानाच्या वरच्या भागांत आणि मासिकाचें नांव अगदीं माथ्यावर. म्हणजे अंक दुसऱ्याखालीं अर्धा झांकला गेला तरी नांव व डोळे दिसत राहावे. मासिक पुरेसें प्रसिद्ध असेल, तर त्या स्त्रीचें मस्तक नांवाच्या एक-दोन अक्षरांवर येऊं देतात. नांव अर्धें झांकलें तरी लोक तें ओळखतील, ही त्यांतली ऐट.

पण खरा नवलाचा भाग पुढेंच आहे. स्त्रियांच्या मासिकावर स्त्रीचेंच चित्र असतें, आणि तें पाहणारीहि स्त्रीच. ती चित्रांतली स्त्री पाहणारीला एकाच वेळीं दोन गोष्टी सांगते. पहिली, "मी तुझी मैत्रीण आहें." दुसरी, "तूं अजून माझ्यासारखी झाली नाहींस." या दुसऱ्या वाक्यांतील 'अजून' हा शब्द सर्वांत मोलाचा. 'कधींच होणार नाहींस' असें ती म्हणाली, तर अंक कोणी घेणार नाहीं. 'आहेस तशी उत्तम आहेस' असें म्हणाली, तरीहि कोणी घेणार नाहीं. आशा आणि उणीव या दोन दोऱ्यांनीं मुखपृष्ठ विणलेलें असतें. तिच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत छापलेलीं वाक्यें पाहा: अमुक दिवसांत कांति उजळवा, तमुक उपायांनीं वजन घटवा. उणीव चित्रानें दाखवावयाची आणि आशा अक्षरांनीं लावावयाची, अशी ही वांटणी आहे.

कल्पनेंतील स्त्री आणि खरी स्त्री

हें सारें एका दिवसांत घडलेलें नाहीं. या जातीच्या मासिकांत 'व्होग' हें सर्वांत नांवाजलेलें, म्हणून त्याचेंच उदाहरण घेतें. १७ डिसेंबर १८९२ रोजीं न्यूयॉर्क येथें आर्थर टर्न्यूर यांनीं तें साप्ताहिक म्हणून सुरू केलें. अंकाची किंमत १० सेंट होती. पहिल्या मुखपृष्ठावर, उच्च समाजांत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या एका श्रीमंत घरच्या तरुणीचें रेखाचित्र होतें. तेव्हांचें 'व्होग' हें बहुतांशीं न्यूयॉर्कच्या धनिक कुटुंबांचें समाजपत्र होतें, आणि त्यांत पुरुषांच्या आवडीचाहि मजकूर येत असे.

१९०९ सालीं तें कॉन्डे नास्ट या गृहस्थांनीं विकत घेतलें. नास्ट यांचा हिशेब इतरांहून निराळा होता. पुष्कळ वाचक मिळविण्यापेक्षां थोडे पण खर्च करण्याची ऐपत असलेले वाचक मिळवावे, आणि त्यांच्यापर्यंत पोहोंचूं इच्छिणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जाहिरातींचा भरपूर दर घ्यावा, हें त्यांचें सूत्र. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. वाचक मासिक विकत घेतो असें आपण म्हणतों. परंतु या सूत्राप्रमाणें मासिक हें वाचकालाच जाहिरातदारांना विकत असतें. मुखपृष्ठावरील स्त्री ही त्या दुकानाच्या दारांत उभी राहिलेली यजमानीण होय. ती आगत-स्वागत करिते. पण दुकान तिचें नसतें.

नास्ट यांच्या पहिल्या वीस-बावीस वर्षांत मुखपृष्ठें चित्रकार काढीत. हेलन ड्रायडन, जॉर्ज प्लँक, फ्रान्समधील जॉर्ज लेपाप यांचीं तीं चित्रें आजहि पाहत राहावीं अशीं आहेत. त्यांतील स्त्रिया कमळाच्या देठासारख्या बारीक, लांब मानेच्या, स्वप्नांत वावरणाऱ्या. प्लँक यांच्या एका गाजलेल्या चित्रांत तर ती मोरावर आरूढ झाली आहे. आपल्याला सरस्वतीची आठवण व्हावी! पण मोरावर बसलेली स्त्री पाहून आपणहि तशी दिसावी असें कोण म्हणेल? ती कल्पनेंतली आहे, हें पाहणारी पक्कें जाणून असे.

१ जुलै १९३२ च्या अंकानें हा करार मोडला. त्या मुखपृष्ठावर एडवर्ड स्टायकेन यांनीं घेतलेलें रंगीत छायाचित्र होतें: समुद्रस्नानाच्या वेषांतील एक तरुणी, दोन्ही हातांनीं मोठा चेंडू डोक्यावर उचलून धरलेली. 'व्होग'च्या मुखपृष्ठावर रंगीत छायाचित्र येण्याची ही पहिलीच वेळ. पुढें हळूहळू चित्रकारांच्या हातून मुखपृष्ठ निघून गेलें तें गेलेंच. वाचणाऱ्या स्त्रीच्या मनांत याचा मोठा परिणाम झाला. चित्रांतील स्त्री कल्पनेंतली. छायाचित्रांतील स्त्री मात्र खरी, कोठें तरी श्वास घेणारी. आणि जी खरी आहे, तिच्याशीं तुलना चुकत नाहीं.

परंतु ती तरी कितपत खरी? अशा एका छायाचित्रासाठीं वेषकार, केशकार, रंगभूषाकार आणि दिवे लावणारे राबत असतात. कपडा अंगाला नीट बसला नाहीं, तर पाठीमागून चिमटे लावून घट्ट करितात. कॅमेरा पाठ दाखवीत नाहीं. घेतलेल्या अनेक छायाचित्रांतून एक निवडतात, आणि तेंहि मग पुसून-घांसून, हल्लीं संगणकावर, आणखी गुळगुळीत करितात. फ्रान्समध्यें तर १ ऑक्टोबर २०१७ पासून कायदाच झाला, कीं जाहिरातींतील मॉडेलचा बांधा छायाचित्रांत बारीक वा जाड करून दाखविला असेल, तर तसें त्या चित्राबरोबर छापलें पाहिजे. ज्या देशानें जगाला वेषभूषा शिकविली, त्यालाच असा कायदा करावा लागला, यांत सर्व आलें.

अक्षर, डोळा आणि ओंठ

आतां दोन मुखपृष्ठें मनांत शेजारीं-शेजारीं ठेवा. पहिलें १ जून १९४० चें, होर्स्ट या छायाचित्रकाराचें. त्यांत लिसा फॉन्साग्रीव्ह्ज या मॉडेलनें आपल्या देहाच्याच निरनिराळ्या आकृति करून मासिकाच्या नांवाचीं इंग्रजी अक्षरें जुळविलीं आहेत. ती मूळची नर्तकी होती; अंगीं कसब असल्याखेरीज हें साधणें नाहीं. तरी त्याचा अर्थ पाहा: स्त्रीनें मासिकाचें नांव धारण केलें नाहीं, ती स्वतःच तें नांव झाली.

दुसरें जानेवारी १९५० चें, अर्विन ब्लूमेनफेल्ड यांचें. जीन पॅचेट या मॉडेलचें हें मूळचें छायाचित्र संपूर्ण चेहऱ्याचें होतें. त्यांतून नाक काढलें, गाल काढले, चेहऱ्याची कडा काढली; पांढऱ्या पानावर उरलें काय, तर एक डोळा, त्यावरची भुवई, लाल ओंठ आणि एक तीळ! कलेच्या दृष्टीनें तें अद्‌भुत आहे, आणि जगांतील प्रसिद्ध मुखपृष्ठांत त्याची गणना होते. पण घरांतील स्त्रीनें त्याकडे पाहून एवढें तरी मनाशीं म्हणावें, कीं चेहऱ्याचा जेवढा भाग रंगवितां येतो, तेवढाच येथें शिल्लक ठेवला आहे. काजळ आणि ओंठांचा रंग विकतां येतो. कपाळामागचा विचार विकतां येत नाहीं.

ज्या दिसल्याच नाहींत

मुखपृष्ठ जितकें दाखवितें, तितकेंच लपवितें. स्त्री कशी असावी हें सांगतांना, कोणती स्त्री मोजावयाचीच नाहीं, हेंहि तें न बोलतां सांगत असतें. 'व्होग' निघाल्यापासून सत्तर वर्षें उलटून गेलीं, तरी त्याच्या मुखपृष्ठावर एकहि कृष्णवर्णीय स्त्री आली नव्हती. मार्च १९६६ मध्यें ब्रिटिश 'व्होग'वर डोन्येल लूना ही अमेरिकन मॉडेल झळकली. परंतु त्या छायाचित्रांत तिनें चेहऱ्यावर हात धरला आहे, आणि बोटांच्या फटींतून तिचा एकच डोळा स्पष्ट दिसतो. १९५० सालीं एका गोऱ्या मुखाचा एकच डोळा उरला, तो शोभेसाठीं. १९६६ सालीं एका काळ्या मुखाचा एकच डोळा दिसला, तो कशासाठीं याचा विचार वाचकांनींच करावा. अमेरिकेच्या मूळ 'व्होग'वर बेव्हर्ली जॉन्सन हिचा संपूर्ण, प्रसन्न चेहरा येण्यास ऑगस्ट १९७४ उजाडावा लागला. आणि कॅमेऱ्यामागें उभा असलेला माणूस कृष्णवर्णीय असण्यास त्याहूनहि अधिक काळ जावा लागला. सप्टेंबर २०१८ च्या अंकासाठीं गायिका बियॉन्से हिचें छायाचित्र टायलर मिचेल या २३ वर्षांच्या तरुणानें घेतलें. 'व्होग'च्या १२६ वर्षांच्या इतिहासांतील असा तो पहिलाच.

हिंदुस्थानी 'व्होग' ऑक्टोबर २००७ मध्यें निघालें. त्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर प्रियांका चोप्रा, बिपाशा बसू यांच्या जोडीला ऑस्ट्रेलियाची गेमा वॉर्ड होती. हिंदुस्थानांतील स्त्रियांसाठीं निघालेल्या अंकालाहि प्रारंभीं एका परदेशी गोऱ्या चेहऱ्याची सोबत घ्यावीशी वाटली, हें विसरण्यासारखें नाहीं.

एक घागरा बसला नाहीं, त्याची गोष्ट

कधीं कधीं मात्र सत्य आपोआप आंत शिरतें. नोव्हेंबर १९८८ चा अंक हा अॅना विंटूर यांच्या संपादकत्वाखालील अमेरिकन 'व्होग'चा पहिला. त्यावर मिकाएला बेर्कू ही मॉडेल रस्त्यावर उभी आहे. केस वाऱ्यानें उडालेले, डोळे जवळजवळ मिटलेले. अंगांत फ्रेंच वेषकार लाक्रवा यांचें रत्नजडित क्रूस मिरविणारें अतिशय महाग जाकीट, आणि खालीं साधी, विटकी जीनची विजार! हें मुखपृष्ठ छापखान्यांत पोहोंचतांच तेथून दूरध्वनि आला, कीं कांहीं चूक तर झाली नाहीं ना? यामागचें कारण विंटूर यांनींच पुढें लिहिलें आहे. त्या जाकिटाबरोबरचा घागरा बेर्कूला बसेना. सुटीवरून परत येतांना तिचें वजन थोडें वाढलें होतें. घागरा राहिला, विजार आली, आणि तेंच मुखपृष्ठ नव्या युगाची नांदी म्हणून गाजलें. नित्य नियम असा, कीं कपड्यासाठीं देहानें बदलावें. त्या दिवशीं देहासाठीं कपडा बदलला, आणि आकाश कोसळलें नाहीं. ही गोष्ट मीं पुतणीला मुद्दाम दोनदां सांगितली.

भिंगाच्या पलीकडे गेलेली

या साऱ्या इतिहासांत मला सर्वांत मोलाची वाटलेली कहाणी ली मिलर हिची. १९०७ सालीं अमेरिकेंत जन्मलेली ही रूपवान मुलगी न्यूयॉर्कच्या रस्त्यांत मोटारीखालीं सांपडतां सांपडतां वांचली. तिला मागें ओढणारे गृहस्थ म्हणजे खुद्द कॉन्डे नास्ट, अशी कथा सांगतात. मार्च १९२७ मध्यें लेपाप यांनीं रेखाटलेला तिचा चेहरा 'व्होग'च्या मुखपृष्ठावर आला. इतरांनीं आपल्याला पाहत राहावें, हें तिला पुरेसें वाटलें नाहीं. १९२९ सालीं ती पॅरिसला गेली, मॅन रे यांच्याजवळ छायाचित्रण शिकली आणि स्वतः भिंगामागें उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धांत ती युद्धवार्ताहर झाली, आणि तीहि 'व्होग'साठींच! ब्रिटिश 'व्होग'च्या संपादिका ऑड्री विदर्स यांनीं तिला भक्कम पाठिंबा दिला. १९४४ मध्यें फ्रान्समधील सेंट मालोचा वेढा तिनें जवळून पाहिला. एप्रिल १९४५ मध्यें बुखेनवाल्ड आणि डाखाऊ येथील छळछावण्या मुक्त झाल्या, तेव्हां तेथील प्रेतांचे ढीग तिनें छायाचित्रांत उतरविले, आणि या छायाचित्रांवर जगानें विश्वास ठेवावा, अशी तार संपादकांना केली. अमेरिकन 'व्होग'नें जून १९४५ च्या अंकांत तीं छापलीं.

ज्या मासिकानें तिचें रूप विकलें, त्याच मासिकानें तिनें पाहिलेलें सत्यहि छापलें. म्हणून अशीं मासिकें सरसकट टाकाऊ ठरविणें मला न्यायाचें वाटत नाहीं. त्यांनीं स्त्रियांना संपादकाच्या खुर्चींत बसविलें. 'व्होग'च्या एड्ना वूलमन चेस या तर १९१४ पासून १९५२ पर्यंत त्या खुर्चींत होत्या. मुखपृष्ठाच्या आंत काय आहे, तें मुखपृष्ठावरून ठरवूं नये, इतकाच याचा बोध. पण दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ली मिलर १९७७ सालीं वारली. त्यानंतर घराच्या माळ्यावरच्या खोक्यांत तिच्या छायाचित्रांचा प्रचंड सांठा सांपडला, तेव्हां कोठें तिच्या मुलालाहि आपली आई काय करून गेली याची पुरती कल्पना आली. जिचा चेहरा जगानें पाहिला, तिची दृष्टि मात्र इतकीं वर्षें माळ्यावर पडून होती.

आपल्या घरचा आरसा

हें सारें परदेशचें खूळ, आपल्याकडे कांहीं नाहीं, असें कोणी समजूं नये. आपल्याकडे १९३० सालीं किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनीं 'स्त्री' मासिक काढलें, तें स्त्रीनें वाचावें व लिहावें म्हणून. १९४५ पासून दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'नें चित्रकलेचा रसास्वाद घराघरांत नेला. दिवाळी अंकांवरील दिवा हातीं घेतलेल्या, केसांत वेणी माळलेल्या त्या लावण्यवतींनीं आपल्या दोन पिढ्यांचे डोळे निवविले. परंतु त्या अंकांपुढें बसलेल्या सांवळ्या, ठेंगण्या मुलींच्या मनांत काय येत असेल, हें आपण कधीं विचारलें होतें काय? विवाहाच्या बाजारांत गोरेपणाचा तराजू आपणच धरला. त्यासाठीं कोणा परदेशी संपादकाची गरज पडली नाहीं.

हें मी बोलत असतां सासूबाई कितीशा वेळानें म्हणाल्या, "मला पाहायला आले, तेव्हां मी सतरा वर्षांची होतें. आईनें बजावलें होतें, मान वर करायची नाहीं. चालून दाखविलें, वाचून दाखविलें. पण त्यांच्यापैकीं एकाचाहि चेहरा मीं पाहिला नाहीं. ह्या चित्रांतल्या पोरीला वर पाहायला सांगितलें असेल, मला खालीं पाहायला सांगितलें. सांगणारें कोणी तरी होतेंच ग!"

माजघर क्षणभर स्तब्ध झालें. मीं चाळलेल्या साऱ्या इतिहासाचें सार त्या एका वाक्यांत आलें होतें. मुखपृष्ठावरील ती स्त्री पुतणीकडे पाहत नाहीं, सासूबाईंकडे पाहत नाहीं. ती भिंगाकडे पाहते, कारण तिला तसें सांगितलेलें असतें. तिच्या नजरेंत आपल्याविषयीं जो निवाडा दिसतो, तो तिनें केलेला नसतो. कदाचित् त्या क्षणीं तिच्याहि पाठीला चिमटे टोंचत असतील, आणि तिलाहि भूक लागलेली असेल.

म्हणून मुलींच्या हातांतून असे अंक हिसकावून घेऊं नयेत. हिसकावलेली वस्तु अधिकच गोड होते. त्यापेक्षां त्यांच्या शेजारीं बसून तें मुखपृष्ठ आपणहि पाहावें, आणि तिघी-चौघींनीं मिळून विचारावें, कीं हिला कोणी उभें केलें, हिच्याकडून काय विकावयाचें आहे, आणि हिच्या शेजारीं कोण दिसत नाहीं. अंक चांगला असेल तर तो या प्रश्नांना पुरून उरेल.

परवां पुतणीनें आपल्या फोनच्या पडद्यावर सासूबाईंना एक चित्र दाखविलें. फिलिपाईन्समधील 'व्होग'च्या एप्रिल २०२३ च्या अंकाचें तें मुखपृष्ठ. त्यावर आपो व्हांग-ओड ही १०६ वर्षांची गोंदणकार आजी आहे. चेहरा सुरकुत्यांनीं भरलेला, अंगावर गोंदण. सासूबाईंनीं चष्मा पुसून तें चित्र बराच वेळ पाहिलें. "हिच्या सुरकुत्या कोणीं पुसल्या नाहींत, हें बरें केलें," त्या म्हणाल्या, "आणि गोंदण माझ्या आजीच्याहि हातावर होतें. शंभरी उलटली तरी हात चालतो हिचा? मग नीट जेवत असली पाहिजे!"

पुतणी खळखळून हंसली. कपाटाच्या दारावरील तें पान अद्याप तेथेंच आहे. मीं काढावयास सांगितलेलें नाहीं. पण त्या रात्रीं ती पानावर बसली, आणि सासूबाईंच्या शेजारीं बसून, त्यांना पाहायला आले त्या दिवसाची हकीकत तिनें पुन्हां एकदां, पहिल्यापासून, सांगावयास लावली.